देखरेख न लागणारं इंजिन

अमेरिकेतल्या ओमाहाच्या तेराव्या रस्त्यावरच्या चेक वस्तीत, लॅड पेत्राशेक रेल्वेत हमाल आहे असंच सगळे धरून चालत. त्याने स्वतःच तसं सांगितलं होतं. आणि त्याने तसं सांगितलं, कारण कंपनीने त्याच्याकडून तशी सही घेतली होती.

खरं तर आयुष्यात त्याने कुणाची ट्रंक उचलली असेल तर ती आपल्या बहिणीची, तिच्या लग्नात.

लॅड शेतकऱ्याचा तिसरा मुलगा. विल्बर गावाजवळची जमीन थोरल्याकडे जाणार, मधला त्याला मदत करणार, हे घरात आधीपासून ठरलेलं होतं. लॅडबद्दल काही ठरलेलं नव्हतं, म्हणून एकोणिसाव्या वर्षी तो आरमारात गेला. समुद्र त्याने पाहिला तो फारच थोडा, कारण आठही वर्षं तो पाणबुडीच्या इंजिनखोलीत होता. तिथे डिझेल इंजिनं होती. ती कशी खोकतात, कधी रुसतात, कुठल्या आवाजाला घाबरायचं आणि कुठल्या आवाजाकडे दुर्लक्ष करायचं, हे त्याला तिथे कळलं. एकोणीसशे एकतीस साली तो परत आला तेव्हा घरच्या नेब्रास्का राज्यात काम नव्हतं. वाऱ्याबरोबर शेतातली माती उडून दुसऱ्या परगण्यात जात होती. मेव्हण्याच्या गॅरेजमध्ये तो ट्रॅक्टर दुरुस्त करत राहिला. ज्यांचे ट्रॅक्टर होते त्यांच्याकडे पेरायला काही नव्हतं, त्यामुळे तेही काम बेताचंच.

त्याच सुमारास रेल्वे कंपनीने ‘मेडोलार्क’ गाडी बांधायला घेतली. कुंपणाच्या खांबावर बसून गाणारा पिवळ्या छातीचा पक्षी असतो, त्याचं नाव गाडीला दिलं होतं. तीन डबे, पण एकमेकांत असे बसवलेले की गाडी एकसंध दिसावी. अंगभर न गंजणारं पोलाद, रंगाचा हात नाही, पुढचं नाक उतरतं. धूर नाही, राख नाही, खिडक्या पक्क्या बंद आणि आत गार हवा. लोकांनी मोटारी घेऊन रेल्वेकडे पाठ फिरवली होती. त्यांना परत आणायचं काम ही गाडी करणार होती. ओमाहाहून सकाळी निघून चार तासांत कॅन्सस सिटी, आणि संध्याकाळी परत.

कंपनीने चाळीस हजार पत्रकं छापली. त्यात एक वाक्य होतं : ‘या गाडीचं डिझेल इंजिन धावताना कुणाच्याही देखरेखीवाचून चालतं.’

पत्रकं छापून झाल्यावर चाचणी झाली. दहा दिवसांत इंजिन चार वेळा बंद पडलं. कारखान्याच्या लोकांनी मान हलवून सांगितलं की इंजिन उत्तम आहे, पण पहिली काही वर्षं त्याच्याबरोबर एक जाणता माणूस रोज प्रवास करायला हवा.

विभागाचे अधीक्षक होते प्रिचर्ड नावाचे गृहस्थ. त्यांनी लॅडला बोलावून घेतलं.

“भर समुद्रात इंजिन बंद पडलं तर काय करायचास?” त्यांनी विचारलं.

“दुरुस्त करायचो.”

“आणि नाही झालं तर?”

“तिथे उतरून चालत जायची सोय नव्हती साहेब. व्हायचंच.”

प्रिचर्डना हे उत्तर पटलं. त्यांनी कागद पुढे सरकवला. त्यावर हुद्दा लिहिला होता : सामान-मदतनीस. लॅडने दोनदा वाचला.

“साहेब, मी मशिनिस्ट आहे.”

“ते मला ठाऊक आहे. म्हणूनच तुला घेतोय. पण इंजिनाला माणूस लागत नाही असं आपण सांगून बसलोय. आणि पत्रकं छापून झाली आहेत.”

लॅडने सही केली. बरोबर सहा पांढरेशुभ्र डगले मिळाले. ते रोज पांढरेच दिसले पाहिजेत अशी ताकीद होती, आणि उतारूंच्या डब्यात पाऊल टाकायचं नाही अशीही.

इंजिनखोली पहिल्या डब्यात, चालकाच्या बसायच्या जागेच्या लगेच मागे. मध्ये एक पोलादी भिंत आणि तिच्यात अंग तिरकं करून जावं लागेल असं दार. आठ सिलिंडरांचं इंजिन खोलीच्या मधोमध, आणि दोन्ही बाजूंना एक माणूस कसाबसा सरकेल इतकी वाट. खिडकी होती, पण ती तेलाच्या वाफेने कायम धुरकटलेली. आवाज असा की शेजारच्याचं बोलणंही ऐकू येऊ नये. लॅडला त्याचं काही वाटलं नाही. पाणबुडीत याहून कमी जागा होती आणि वर एका बिछान्यात पाळीपाळीने दोघे झोपत.

पुढे चालकाच्या खुर्चीत होमर टटल. वय अठ्ठावन्न, वाफेच्या इंजिनांवर पस्तीस वर्षं, सगळ्यांत ज्येष्ठ, म्हणून सगळ्यांत मानाची गाडी त्याच्याकडे. मान मिळाला तरी सुख मिळालं नव्हतं. कंपनीने त्याला टाय बांधायला लावला होता, आणि तंबाखूची पिंक टाकायला त्या चकचकीत खोलीत जागा ठेवली नव्हती. तो डिझेलला शिवणयंत्र म्हणायचा आणि चेक मुलखाच्या नावावरून लॅडला बोहेमिया.

“काय बोहेमिया, टाके नीट पडतायत ना?” रोज सकाळी हाच प्रश्न.

“पडतायत मिस्टर टटल. तुम्ही कापड सरळ धरा म्हणजे झालं.”

पस्तीस सालच्या वसंतात गाडी सुरू झाली. पहिले दोन महिने रुळांच्या दोन्ही बाजूंना माणसं उभी असत. बायका पोरांना कडेवर घेऊन येत, म्हातारे टोप्या काढत. स्टेशनात गाडी थांबली की लोक पोलादाला हात लावून बघत, आणि कंपनीचा एक माणूस फडकं घेऊन त्यांच्या बोटांचे ठसे पुसत मागे मागे फिरे. गाडीतल्या बहात्तर जागा आठवडा-आठवडा आधी भरत. लॅडला यातलं काही दिसत नसे. तो कधी इंधनाची नळी बांधत असे, कधी तडकलेल्या सिलिंडरचं इंधन तोडून उरलेल्या सातांवर गाडी पळवत असे. वेग थोडा कमी होई, पण उतारूंना कळत नसे. कॅन्सस सिटीला पोचल्यावर लोक जेवायला जात आणि लॅड इंजिनाचं डोकं उघडून बसे. चार तासांत ते परत जागेवर बसवून, डगला बदलून तो तयार राही.

मग छत्तीस सालचा जुलै आला. त्या उन्हाळ्याबद्दल आजही जुनी माणसं सांगतात. पारा एकशे बारा फॅरनहाइटवर होता, मक्याची पानं उभ्या उभ्या कागदासारखी वाजत होती. एका गुरुवारी बेलमारच्या अलीकडे इंजिनाच्या पाण्याच्या पंपाने दगा दिला. पंपाचा दांडा जिथून बाहेर येतो तिथे पाणी गळू नये म्हणून पॅकिंग ठासलेलं असतं. ते झिजून निखळलं आणि उकळतं पाणी पिचकारीसारखं उडायला लागलं. लॅडचा डावा हात कोपरापर्यंत भाजला. त्याने घंटा दिली, टटलने गाडी बेलमारला उभी केली. बेलमार म्हणजे धान्याचं एक कोठार, वाफेच्या इंजिनांसाठी पाण्याची एक उंच टाकी आणि तिकीटखिडकीत एक मास्तर.

“नवं पॅकिंग घाल,” टटल म्हणाला.

“नाहीये. मागच्या आठवड्यात शेवटचं वापरलं. भांडारात मागितलं तर म्हणाले, सामान-मदतनिसाला पंपाचं पॅकिंग कशाला?”

टटलने घड्याळ काढलं. “मग जंक्शनहून वाफेचं इंजिन मागवतो. दीड तास लागेल. उद्या पेपरात फोटो येईल, म्हातारा घोडा नव्या नवरीला ओढत नेतोय असा.”

तसं म्हणताना त्याचा चेहरा फारसा दुःखी नव्हता. पण गाडीतली गार हवा बंद झाली होती, खिडक्या उघडत नव्हत्या, आणि उतारू एकेक करून खाली उतरून टाकीच्या सावलीत गोळा होत होते. एका म्हाताऱ्याला दोघांनी धरून आणलं. ते बघून टटलने घड्याळ खिशात टाकलं.

लॅड इंजिनखोलीच्या बाजूच्या दारात बसला होता. भाजलेल्या हातावर मास्तरने आणून दिलेलं लोणी थापलेलं, समोर उघडा पंप. कुणाला कळायचं नाही या भरवशावर तो चेक भाषेत त्या पंपाला शिव्या घालत होता. पंपापासून सुरुवात करून तो पंपाच्या आईपर्यंत आला होता.

“आईचा काय दोष त्यात?” खालून कुणीतरी चेक भाषेतच विचारलं. “तिने बिचारीने चांगलाच घडवला असेल.”

खाली एक तरुण बाई उभी होती. डोक्याला रुमाल, हातात दोरीने बांधलेला मोठा गोल खोका. लॅडच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

“तुम्हाला सगळं कळलं?”

“माझे वडील खाटकाचं दुकान चालवतात. याहून चांगल्या शिव्या मी शाळेत जायच्या आधी ऐकल्यात. काय हवंय तुम्हाला?”

“पॅकिंग. दोरी, लोकर, नमदा, काहीही. जाड आणि घट्ट.”

बाईने खोका खाली ठेवून दोरी सोडली. आत सहा टोप्या होत्या, बायकांच्या, दाबलेल्या लोकरीच्या जाड नमद्याच्या, डाळिंबी रंगाच्या. तिचं नाव अल्बिना कुबिक. ती ओमाहात टोप्या बनवायची आणि या सहा कॅन्सस सिटीच्या दुकानात पोचवायच्या होत्या.

“किती लागतील?”

लॅडने टोपी हातात घेऊन अंगठ्याने दाबून पाहिली. “एक. फार तर दीड.”

“दीड टोपीचं उरलेलं अर्धं कोण घालणार? दोन घ्या.”

तिने स्वतःच्या कात्रीने नमदा कापून दिला, लॅडने सांगितलेल्या मापाची वर्तुळं, एकाला एक जुळणारी. मास्तरकडे वाफेच्या इंजिनांसाठी चरबीचा डबा होता. त्यात ती बुडवून लॅडने ठासून बसवली. मग पाणी भरायचं होतं. टाकीची सोंड वाफेच्या इंजिनांसाठी केलेली, तिच्यातून पाणी सोडलं तर गाडी वाहून गेली असती. स्टेशनच्या भिंतीवर आगीसाठी टांगलेल्या बादल्या काढल्या, आणि उतारूंची रांग लागली. त्यात बियाणं विकणारा फिरता विक्रेता होता, दोन नन होत्या, आणि कोट काढून उभा राहिलेला एक न्यायाधीश.

“ओत की आता,” टटल म्हणाला.

“नाही. दहा मिनिटं थांबायचं.”

“लोक बादल्या धरून उभे आहेत.”

“असू देत. तापल्या तव्यावर गार पाणी ओतलं तर तवा तडकतो. मग बोलवा तुमचा म्हातारा घोडा.”

टटलला पस्तीस वर्षांत कुणी थांब म्हटलं नव्हतं. पण बॉयलरचं पाणी त्यालाही कळत होतं. तो थांबला. दहा मिनिटं सगळे बादल्या घेऊन उन्हात उभे राहिले. मग लॅडने पेलापेलाने पाणी घालायला सुरुवात केली.

गाडी निघाली. पुढच्या स्टेशनापर्यंत नमद्याचा रंग सुटला आणि पंपाखालच्या पांढऱ्या रंगावरून डाळिंबी ओघळ येऊ लागले. तिथे गाडी थांबल्यावर टटल दारातून डोकावला.

“बोहेमिया, तुझ्या शिवणयंत्राला घोळणा फुटलाय.”

त्या दिवशी तो लॅडशी प्रथमच हसून बोलला.

कॅन्सस सिटीला प्रवासाचा अहवाल भरायचा होता. एक्केचाळीस मिनिटं उशीर, कारण? टटल पेन्सिल चावत बसला. इंजिन बिघडलं लिहिलं तर विचारतील, दुरुस्त कुणी केलं. दुरुस्त करणारा तर कागदावर नव्हताच.

“सिग्नल लिहू?” टटलने विचारलं.

“सिग्नलवाल्यांची नोकरी जाईल.”

“बरं. मग गुरं.” आणि त्याने लिहिलं : ‘बेलमारजवळ रुळावर गुरं आल्यामुळे.’

पुढे त्याला ती सवयच लागली. इंजिन कुठेही बिघडो, अहवालात गुरं बेलमारला येत. बेलमार टटलला लिहायला सोपं पडायचं.

अल्बिनाच्या दोन टोप्या कंपनीने भरून दिल्या नाहीत, कारण गुरांमुळे टोप्या जाण्याचा संबंध लागत नव्हता. लॅड एका रविवारी त्याबद्दल माफी मागायला तिच्या घरी गेला. खाटीक बापाने त्याला आपादमस्तक न्याहाळून विचारलं, “हमाल ना तू? मग हात एवढे काळे कसे?” लॅडने हात पाठीमागे नेले. अल्बिना आतून म्हणाली, “ट्रंका काळ्या असतात, बाबा.” पुढच्या वसंतात दोघांचं लग्न झालं. बदक, आंबट कोबी, उकडलेले कणकेचे गोळे आणि कोलाचे नावाचे खसखशीचे गोड पाव यांचं जेवण होतं. टटल आला होता. तो दारू निषिद्ध मानणाऱ्या मेथडिस्ट पंथाचा, त्यामुळे बिअरला शिवणार नाही असं त्याने येतानाच सांगून ठेवलं, आणि दुसऱ्या पेल्यानंतर अल्बिनाच्या मावशीबरोबर पोल्का नाचला.

कान केव्हा गेले हे लॅडला सांगता आलं नसतं. अल्बिनाला ते आधी कळलं. स्वयंपाकघरातून हाक मारली तर तो येईनासा झाला. शनिवारी वस्तीच्या सभागृहात नाच असे, तिथे तो वाजवणाऱ्यांकडे न बघता ताल चुकवायला लागला. ती बोलताना त्याच्यासमोर येऊन उभी राहू लागली. सदतीस सालानंतर युनियनच्या आग्रहावरून गाडीत एक फायरमन, म्हणजे बॉयलरला कोळसा घालणारा, तोही बसू लागला होता. फायरच नसल्यामुळे तो टटलशेजारी बसून शेतं बघत असे. तो सांगायचा की पेत्राशेक आता इंजिन ऐकत नाही, त्यावर हात ठेवतो. झाकणावर तळवा टेकवून डोळे मिटतो आणि म्हणतो, पाचवा. आणि बिघाड पाचव्यातच असतो.

बेचाळीस साली लढाईसाठी आरमाराने जुन्या पाणबुडीवाल्यांना बोलावलं. लॅड गेला. डॉक्टरने त्याच्या मागे उभं राहून काही पुटपुटलं, मग मोठ्याने म्हटलं, मग ओरडून म्हटलं. तिसऱ्याला लॅड वळला. आरमाराने त्याला परत पाठवलं आणि तपासणीचा कागद कंपनीकडे गेला. धावत्या गाडीवर बहिरा माणूस चालत नाही, असा नियम होता. प्रिचर्डनी तो कागद खणात ठेवला. लढाईच्या दिवसांत गाडीत माणसं उभ्याने प्रवास करत होती, सुटे भाग मिळत नव्हते, आणि त्या इंजिनाला हात लावू शकणारा दुसरा माणूस त्यांच्याकडे नव्हता.

शेहेचाळीस साली मेडोलार्कला नवं इंजिन बसवलं. ते खरोखरच धावताना कुणाच्या देखरेखीवाचून चालायचं. प्रिचर्डनी खणातला कागद बाहेर काढला. सामान-मदतनीस पेत्राशेक ऐकू येत नसल्यामुळे गाडीवर काम करण्यास अपात्र, तीन आठवड्यांनी सेवा समाप्त.

कंपनीच्या कारखान्यात मशिनिस्टच्या जागा होत्या, पण त्या ज्येष्ठतेने भरत, आणि सैन्यातून परतलेल्यांची रांग मोठी होती. अकरा वर्षांच्या नोकरीचा मशिनिस्ट असता तर लॅड त्या यादीत पहिल्या पाचात आला असता. अकरा वर्षांचा हमाल त्या यादीत कुठेच येत नव्हता.

“जाऊन सांग त्यांना,” अल्बिना त्याच्या समोर उभी राहून म्हणाली.

“काय सांगू? सही माझीच आहे.”

“सही केलीस म्हणून तू ट्रंका उचलल्यास का?”

लॅड बूट पुसत बसला. दुसऱ्या दिवशी अल्बिना ट्रामने टटलच्या घरी गेली. टटल परसात बटाटे खणत होता. वय एकोणसत्तर, निवृत्तीला नऊ महिने. तिने सगळं सांगितलं. तो खणत राहिला.

“सुनावणी आहे गुरुवारी,” ती म्हणाली. “युनियनने मागितली. पण साक्षीदार नाही. फायरमन म्हणतो मी खिडकीबाहेर बघत होतो.”

“तो खरंच बाहेर बघत होता.”

“तुम्ही तर आत बघत होता.”

टटलने एक बटाटा उचलून माती झाडली. “अल्बिना, माझ्या अहवालांवर माझ्या सह्या आहेत. अकरा वर्षांच्या. हा हमाल नव्हता म्हटलं की ते सगळे खोटे ठरतात. माझ्यावर आजवर एक ठपका नाही. पस्तीस आणि अकरा, शेहेचाळीस वर्षांत एक नाही.”

“माहीत आहे.”

“मग?”

“मग काही नाही. मी फक्त गुरुवार सांगायला आले होते.” तिने पर्स उचलली. त्याने तिला बटाट्यांची पिशवी भरून दिली, पण येईन किंवा येणार नाही असं काही म्हणाला नाही. घरी येऊन तिने लॅडलाही यातलं काही सांगितलं नाही. बटाटे बाजारातून आणले म्हणाली.

गुरुवारी सुनावणीच्या खोलीत प्रिचर्ड, युनियनचा प्रतिनिधी, एक टंकलेखिका आणि लॅड बसले होते. कोण काय म्हणतंय हे लॅडला ओठांवरून जेवढं कळेल तेवढंच कळत होतं. दहा वाजता टटल आत आला. टाय बांधलेला, काखेत खिशात मावणाऱ्या छोट्या वह्यांचा गठ्ठा. तो रोजच्या प्रवासाची एक स्वतःची वही ठेवत असे, हे कुणालाच माहीत नव्हतं.

त्याने वाचायला सुरुवात केली. सोळा जुलै छत्तीस, पंपाचं पॅकिंग, पेत्राशेकने टोपीच्या नमद्याने बसवलं. दोन नोव्हेंबर, तिसरा सिलिंडर, धावत्या गाडीत तोडला. नऊ जानेवारी सदतीस, इंधनाची नळी गोठली, पेत्राशेकने पोटाशी धरून वितळवली. वीस-पंचवीस नोंदी झाल्यावर प्रिचर्डनी हात वर केला आणि समोरची फाइल उघडली.

“मिस्टर टटल, माझ्याकडे तुमचेच अहवाल आहेत. यात बेलमारला गुरं आडवी आल्याचं सदतीस वेळा लिहिलंय.”

“असेल.”

“त्या अहवालांवरून कंपनीने बेलमारला दोन मैल कुंपण घातलं.”

“चांगलं कुंपण आहे. रोज बघतो मी.”

“आणि गुरं?”

“तिथली जमीन गँट नावाच्या माणसाची आहे,” टटल म्हणाला. “तो मधमाश्या पाळतो. गुरं त्याने कधी ठेवली नाहीत.”

टंकलेखिकेने मधमाश्याही टंकून घेतल्या.

प्रिचर्ड हळू आवाजात म्हणाले, “तुम्ही अकरा वर्षं खोटे अहवाल दिलेत.”

“तुमच्या पत्रकात छापलं होतं, इंजिनाला देखरेख लागत नाही. मी कंपनीचा माणूस. कंपनीला खोटं पाडण्यापेक्षा गुरंच बरी वाटली मला.” मग त्याने हातातली वही मिटली. “ते सोडा. चूक माझी आहे, मी नाकारत नाही. पण हा माणूस हमाल नाही. याचे कान त्या इंजिनाने खाल्ले.”

लॅडने युनियनच्या प्रतिनिधीला खुणेने विचारलं, काय म्हणाला? प्रतिनिधी सांगत बसला नाही. टटलनेच वहीचं एक पान फाडून त्यावर दोन शब्द लिहिले आणि टेबलावरून सरकवले : ‘गुरं पकडली.’

निकाल महिनाभराने आला. पेत्राशेकच्या सेवापुस्तकात ‘सामान-मदतनीस’ या शब्दांवर रेघ ओढून वर ‘मशिनिस्ट’ लिहिलं गेलं, पस्तीस सालच्या तारखेपासून. कंपनीला ही गोष्ट पेपरात जायला नको होती आणि युनियनने ती पेपरात नेऊ असं सुचवलं होतं, हे त्यामागचं मुख्य कारण. लॅड कारखान्यात लागला. तिथे बहिऱ्यांची कमतरता नव्हती, हातवाऱ्यांनी बोलायची एक भाषाच त्या लोकांत तयार झाली होती.

टटलला लेखी ठपका मिळाला आणि मेडोलार्कवरून उतरवलं. शेवटचे आठ महिने त्याने यार्डात डबे इकडून तिकडे ढकलणाऱ्या वाफेच्या एका जुन्या इंजिनावर काढले. तो सगळ्यांना सांगे की बरं झालं, तिथे टाय नाही आणि मनासारखं थुंकता येतं. लॅडने मात्र एकदा कारखान्याच्या दारातून पाहिलं होतं. सकाळची मेडोलार्क निघत होती, आणि टटल आपलं इंजिन उभं करून, पायरीवर उतरून, ती दिसेनाशी होईपर्यंत बघत उभा होता. लॅड आत वळला. त्याने ते अल्बिनाला सांगितलं, टटलला कधी विचारलं नाही.

निवृत्त झाल्यावर टटल रविवारी बदक खायला येत असे. जेवताना तो सारखा बोलत राही. लॅडला एक शब्द ऐकू येत नसे आणि टटल तोंडात घास ठेवून बोलत असल्यामुळे ओठांवरूनही काही कळत नसे. अल्बिना म्हणायची, “मिस्टर टटल, त्याला काही कळत नाहीये.” टटल म्हणे, “म्हणून तर बोलतोय.” त्रेपन्न साली तो गेला. त्याच्या शवपेटीला खांदा देणाऱ्यांत लॅड होता.

मेडोलार्क आणखी चार वर्षं चालली. लोकांनी पुन्हा मोटारी घेतल्या होत्या, त्या आता पहिल्यापेक्षा चांगल्या होत्या. शेवटी शेवटी बहात्तर जागांत दहा-बारा माणसं असत. सत्तावन्न साली कंपनीने ती बंद केली आणि भंगारात काढण्याआधी तपासणीसाठी कारखान्यात पाठवली. तोवर लॅड तिथे फोरमन झाला होता. गाडीचा तक्ता त्याच्याच टेबलावर आला. डब्यांची स्थिती, चाकांची स्थिती, इंजिनाची स्थिती असे रकाने होते. तो गाडीत चढला, इंजिनखोलीतून एक चक्कर मारली, मग आयुष्यात प्रथमच उतारूंच्या डब्यात जाऊन शेवटच्या गोल टोकापर्यंत चालत गेला. खुर्च्यांवरचं कापड विरलं होतं. तिथे तो बसला नाही.

तक्त्यात त्याने चाकांपुढे ‘झिजलेली’ लिहिलं आणि इंजिनापुढे ‘चांगलं’. खाली सही करून कागद पुढे पाठवला.

“वाईट वाटलं का?” घरी अल्बिनाने त्याच्या समोर येऊन विचारलं.

“खिडक्या मोठ्या आहेत गं,” तो म्हणाला. “मला वाटलं होतं त्याहून मोठ्या.”

मग हात धुऊन तो जेवायला बसला.